सूक्ष्मदर्शन आणि पाहणाराचें ऋण

पाहणें ही क्रिया सर्वांत निरुपद्रवी आहे, अशी सामान्य समजूत आहे. जो फूल तोडतो तो झाडाचें कांहीं घेतो. जो मध काढतो तो माशीचें कांहीं घेतो. परंतु जो नुसता पाहतो तो कोणाचें काय घेतो? पाहिलेली वस्तु पाहण्यापूर्वीं होती तशीच मागें राहते. म्हणून चोरी, हिंसा, लोभ इत्यादि दोषांची गणना करतांना नीतिशास्त्रानें डोळ्याला बहुतेक मोकळें सोडलें आहे. परस्त्रीकडे वा परधनाकडे वांकडी दृष्टि टाकूं नये, एवढाच काय तो निर्बंध. फुलाकडे आणि फुलपांखराकडे हवें तितकें पाहावें, त्यांत दोष तो कसला? ही समजूत कितपत खरी आहे हें पारखून पाहण्यास अलीकडे एक चांगलें निमित्त मिळालें आहे. भाता आणि वर्धक भिंगें यांच्या साह्यानें फुलें व कीटक यांचीं मोठालीं छायाचित्रें घेण्याचा छंद, हें तें निमित्त होय.

हा छंद करण्यास हिमालयांत जावें लागत नाहीं. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम कडेला मुंबई-बंगळूर महामार्गालगत पुनावळे नांवाचें गांव आहे. १९९७ सालीं तें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि तेव्हांपासून शेताच्या जागीं उंच इमारती उभ्या राहण्याचा क्रम तेथें चालू आहे. अशा वाढत्या गांवांत दोन इमारतींच्या मध्यें नेहमीं कांहीं जमीन अशी असते, कीं जिच्यावर नांगर फिरणें बंद झालें आहे आणि पाया खणणें अद्याप सुरू व्हावयाचें आहे. तेथें रुई उगवते, पावसाळ्यांत टाकळा माजतो, घाणेरीचीं जाळीं होतात. आठवडाभर कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या संगणक-कचेरींत राबणारा एखादा गृहस्थ रविवारीं सकाळीं अशा जागीं गुडघे टेंकून रुईच्या झुडपाशीं बसलेला आढळला, तर वाचकांनीं आश्चर्य मानूं नये. त्याच्या पुढ्यांतील यंत्राची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. कारण पुढील नैतिक प्रश्न त्या रचनेंतूनच उद्भवतो.

कॅमेऱ्याची पेटी व भिंग यांच्यामध्यें लोहाराच्या भात्यासारखी एक घडीदार नळी बसवितात. तिलाच भाता म्हणतात. भाता जसजसा ताणावा तसतसें भिंग पेटीपासून दूर जातें आणि जवळची वस्तु मोठी उमटूं लागते. ५० मिलिमीटर केंद्रांतराचें भिंग नेहमींच्या जागेपासून आणखी ५० मिलिमीटर पुढें नेलें, कीं मुंगी जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा आंत पडते. १०० मिलिमीटर पुढें नेलें, कीं ती दुप्पट होते. हें भिंगही पुष्कळदां जुन्या काळोख्या खोलींतलें असतें. छोट्या फिल्मवरील चित्र मोठ्या कागदावर उतरविण्यासाठीं एल-निक्कोर, कॉम्पोनॉन, रोडागॉन अशीं उत्तम भिंगें एन्लार्जरला लावीत असत. फिल्मचा काळ सरला, काळोख्या खोल्या बंद पडल्या, आणि हीं भिंगें जुन्या बाजारांत स्वस्त झालीं. एन्लार्जरमध्यें लहान फिल्म भिंगाच्या एका बाजूस जवळ असे व मोठा कागद दुसऱ्या बाजूस दूर असे. येथें लहान फूल जवळ व मोठी प्रतिमा दूर. म्हणून तेंच भिंग उलटें बसविलें, कीं फिल्मच्या जागीं फूल येतें आणि भिंग आपलें जुनें काम नव्या धन्यासाठीं तितक्याच चोखपणें बजावतें.

या यंत्रांतून काय दिसतें, याचा एकच मासला देतों. रुईचें झाड आपल्याकडे कोणास परकें नाहीं. तिच्या पानांची माळ शनिवारीं मारुतीला घालतात. पण तिचें फूल जवळून किती जणांनीं पाहिलें असेल ? पांच पाकळ्यांच्या मध्यें एक मुकुटासारखा भाग असतो, आणि त्याच्या कडांस बारीक बारीक फटी असतात. इतर बहुतेक फुलांत पराग सुटा, पिठासारखा असतो. रुईंत तो मेणासारख्या पिवळ्या पिशव्यांत भरलेला असून दोन दोन पिशव्या एका काळसर चिमट्यानें जोडलेल्या असतात. मोठा काळा भुंगा मधासाठीं येतो, त्याचा पाय फटींत घसरतो, आणि पाय ओढून काढतांना तो चिमटा त्याला चिकटून पिशव्यांसकट बाहेर येतो. पुढच्या फुलावर तोच पाय पुन्हां फटींत शिरला, कीं पिशवी तेथें अडकते व फलधारणा होते. हा सगळा व्यवहार तांदळाच्या दाण्याहून लहान जागेंत चालतो. तो प्रथमच मोठा होऊन डोळ्यांपुढें आला, कीं मनुष्य चकित होतो, आणि रोज ज्या झाडावरून आपण निर्विकारपणें गेलों त्याच्याविषयीं त्याला आदर वाटूं लागतो. हा आदर ही लहान प्राप्ति नव्हे. ज्या शिक्षणानें तो उत्पन्न होतो तें शिक्षण चांगलें, याबद्दल आमच्या मनांत शंका नाहीं.

परंतु या मोठेपणाला किंमत पडते. प्रतिमा दुप्पट केली, कीं प्रकाश नवव्या हिश्शावर येतो. स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी तर इतकी कमी होते, कीं भिंगाचें छिद्र बरेंच लहान करूनही ती सुमारें एक तृतीयांश मिलिमीटरच भरते. छिद्र आणखी मिटवावें तर सगळेंच चित्र मऊ पडतें. मुंगीच्या मिशीचें टोंक रेखीव आलें तर डोळा अंधुक येतो, डोळा आला तर मिशी जाते. यावर तोड अशी, कीं यंत्र केसभर पुढें सरकवीत एकाच वस्तूचीं पुष्कळ चित्रें घ्यावयाचीं आणि त्यांतले स्पष्ट भाग संगणकाकडून जुळवून घ्यावयाचे. त्याला कित्येक मिनिटें लागतात, आणि तेवढा वेळ वस्तूनें हलतां कामा नये. फूल वाऱ्यानें हलतें, म्हणून तें खुडून घरांत आणावें असें वाटूं लागतें. कीटक स्वेच्छेनें हलतो, म्हणून त्याची इच्छाच नाहींशी करावी असें वाटूं लागतें. कोणी त्याला शीतकपाटांत ठेवून बधिर करतात. कोणी मारून टांचणीला लावतात. ज्या डोळ्याला आपण निरुपद्रवी म्हणत होतों, तो येथें हात पुढें करतो.

हा मोह आजचा नाहीं. लंडनच्या रॉबर्ट हुक यानें १६६५ सालीं 'मायक्रोग्राफिया' हा सूक्ष्मदर्शक यंत्राचा प्रसिद्ध ग्रंथ काढला. त्यासाठीं मुंगीचें चित्र काढतांना ती स्वस्थ राहीना. पाय चिकटवून ठेवावी तर अंग वळवी, मारावी तर तिचा आकार बिघडे. शेवटीं त्यानें तिला ब्रँडींत बुडवून बेशुद्ध केलें. ती तासाहून अधिक वेळ निपचित पडली, आणि मग एकाएकीं शुद्धीवर येऊन पळाली. हुकनें ही हकीगत लपविली नाहीं, ती ग्रंथांत नमूद केली. या प्रामाणिकपणाकडे आपणांस पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिला म्हणेल : आपल्या चपलेखालीं रोज कितीतरी किडे मरतात, दिव्यावर झडप घालून मरतात, शेतकऱ्याच्या फवारणीनें तर लक्षावधि मरतात, मग एका फुलपांखराचा एवढा कळवळा कशाला? या युक्तिवादांत मरणांची मोजदाद आहे, पण मारणाराचा विचार नाहीं. शेतकरी पिकासाठीं फवारतो, आणि त्या पिकावर आपण सर्व जगतों. चपलेखालीं जो मेला तो आपणांस दिसलाच नव्हता. छायाचित्रकाराची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याला गरज नाहीं, हौस आहे. आणि त्यानें त्या जीवाला पाहिलें आहे. इतर कोणाहीपेक्षां अधिक पाहिलें आहे. त्याच्या डोळ्याचे पैलू, पायावरची लव, पंखावरचे खवले हें सर्व ज्यानें न्याहाळलें, त्याला 'क्षुद्र किडा' हा शब्द उच्चारण्याची सवलत उरत नाहीं. अज्ञानाची सबब अज्ञान्यास शोभते. जाणणें वाढलें, कीं जबाबदारीही त्याच मापानें वाढते.

दुसरा म्हणेल : मग शास्त्रज्ञांचें काय ? पुनावळ्यापासून जवळच आकुर्डीस भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचें पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. १९१६ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या संग्रहांत टांचणीला लावलेले असंख्य कीटक आहेत. ती हिंसा नव्हे काय? ती हिंसा आहेच. पण तिच्याबरोबर दोन बंधनें आहेत. एक तर, ज्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या मार्गानें मिळत नाहीं अशा प्रश्नासाठींच नमुना घ्यावा, अशी अपेक्षा असते. दुसरें, तो नमुना कोठें, केव्हां, कोणीं घेतला याची चिठ्ठी त्याला जन्मभर चिकटलेली असते, आणि पन्नास वर्षांनीं येणारा अभ्यासकही त्याचा उपयोग करूं शकतो. त्या जीवाचें मरण एका माणसाच्या भिंतीवर संपत नाहीं. हौशी चित्रकारापाशीं बहुधा प्रश्न नसतो आणि चिठ्ठीही नसते. शास्त्राला मिळालेला परवाना त्यानें आपल्या नांवावर चालवूं नये.

तिसरा अधिक सौम्य असतो. तो म्हणतो : आम्ही मारीत नाहीं, केवळ थंड करतों, किडा शीतरक्ताचा असल्यामुळें थोड्या वेळानें पूर्ववत् होतो, आणि त्याला वेदना होते असें सिद्ध कोठें झालें आहे? सिद्ध झालें नाहीं, हें खरें. होत नाहीं असेंही सिद्ध झालेलें नाहीं. लंडनमधील एका विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२२ सालीं असें प्रसिद्ध केलें, कीं गुबगुबीत भुंगेमाश्या कोणत्याही बक्षिसाशिवाय लांकडाचे लहान गोळे पुन्हां पुन्हां ढकलीत राहतात, म्हणजे एका अर्थीं खेळतात. जो खेळतो त्याला सुख म्हणून कांहीं असावें, आणि ज्याला सुख आहे त्याला दुःखही असण्याचा संभव आहे. निर्णय होईपर्यंत संशयाचा फायदा कोणास द्यावयाचा ? न्यायालयांत तो आरोपीस मिळतो, कारण शिक्षा त्याला भोगावयाची असते. येथें भोग कीटकाच्या वांट्यास आहे. फायदाही त्याच्याच वांट्यास गेला पाहिजे.

पण समजा, वेदना होत नाहीं असें उद्यां निःसंशय ठरलें, तरीही आमचा आक्षेप पुरता मावळणार नाहीं. कारण येथें दयेखेरीज सत्याचाही प्रश्न आहे. बधिर केलेलें फुलपांखरूं गवताच्या पात्यावर बसविलें, पिचकारीनें वर थेंब उडविले, आणि चित्राखालीं 'पहाटेची विश्रांति' असें लिहिलें, तर चित्रांतील प्रत्येक खवला खरा असूनही चित्र खोटें असतें. बर्लिनचे कार्ल ब्लॉसफेल्ड हे वनस्पतींचीं छायाचित्रें तीस तीस पटींपर्यंत मोठीं करीत. १९२८ सालीं निघालेल्या त्यांच्या पुस्तकानें जग चकित झालें. त्यांच्या फांद्या तोडलेल्या होत्या, नीट करून साध्या पार्श्वभूमीवर मांडलेल्या होत्या. परंतु त्या वाऱ्यावर डोलत आहेत असें त्यांनीं कधीं भासविलें नाहीं. त्यांना आकार शिकवावयाचा होता, तो त्यांनीं उघडपणें शिकविला. हुकनेंही आपली ब्रँडी सांगून टाकली. ज्याला स्वतःची कृति चित्राखालीं लिहितां येत नाहीं, त्यानें ती करूं नये. ही कसोटी फारशी कठीण नाहीं, पण ती लावली तर पुष्कळ चित्रें भिंतीवरून उतरवावीं लागतील.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. कीटकाला स्थिर करून जें ज्ञान मिळतें तें त्याच्या शरीराचें; त्याच्या चरित्राचें नव्हे. आपल्या परंपरेंत कीटक-भृंग न्याय प्रसिद्ध आहे. भृंगानें धरून आणलेली अळी त्याच्या ध्यासानें अखेर भृंगच होते, तसा उपासक उपास्याशीं एकरूप होतो, असा तो दृष्टांत. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंमध्यें हा भृंग आहे, आणि त्या स्कंधावरील आपली मराठी टीका एकनाथांनीं १५७३ सालीं काशींत पूर्ण केल्यामुळें तो घरोघर पोंचला. आपल्या भिंतींवर मातीचें घरटें बांधणाऱ्या कुंभारणीच्या जातींतील या माशीनें प्रत्यक्षांत काय चालविलें आहे ? ती अळीला दंश करून लुळी करते, घरट्यांत कोंडते व तेथेंच आपलें अंडें घालते. अंड्यांतून निघालेलें पिलूं ती ताजी शिकार खाऊन वाढतें, आणि अखेर बाहेर येतो तो भृंग. अळी भृंग झाली नाहीं. ती भृंगाचें अन्न झाली. फ्रान्समधील जाँ-आंरी फाब्र यांनीं असल्या शिकारी माश्यांचें चरित्र वर्षानुवर्षें उन्हांत बसून, त्यांना जिवंत ठेवून पाहिलें, आणि १८७९ ते १९०७ या काळांत दहा खंडांत लिहून ठेवलें. टांचणीला लावलेल्या माशीवर कितीही लांब भाता ताणला असता, तरी तिच्या अंगावरचे केस मोजतां आले असते. हें वर्तन समजलें नसतें. मारून पाहणारा कमी पाहतो, असें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें.

येथें एखादा भाविक वाचक विषादानें विचारील, कीं असल्या सूक्ष्मदर्शनानें आमचा सुंदर दृष्टांत मात्र हिरावून घेतला. आम्हांस तसें वाटत नाहीं. उपासनेचें सत्य माशीच्या घरट्यावर अवलंबून नव्हतें. तें उपासकांच्या अनुभवावर उभें आहे. दृष्टांत गेला म्हणून सिद्धांत जात नाहीं. उलट, निसर्ग आपल्या सोयीचे धडे देण्यास बांधलेला नाहीं, हा धडा त्यानें दिला, आणि तो अधिक मोलाचा आहे. सूक्ष्मदर्शनाचा खरा विनय हाच : जें आहे तें आपल्याला आवडो वा न आवडो, तें तसेंच पाहावयाचें.

आतां आणखी एका सूक्ष्म दोषाकडे वळूं. भाता जितका ताणावा तितकी चित्राची चौकट आकुंचित होते. फुलाचा मुकुट भव्य दिसतो, पण झाड दिसत नाहीं. झाडाखालची जमीन तर मुळींच दिसत नाहीं. मागें काळोख येतो, आणि हें फूल जणूं अधांतरीं उमललें असें वाटतें. वस्तुतः रुई गेली कीं भुंग्याचा मध गेला; तिचींच पानें खाऊन वाढणाऱ्या नारिंगी फुलपांखराच्या अळीचें अन्न गेलें. चित्र काढणारा काळोखांत तरंगणाऱ्या सौंदर्यावर संतुष्ट राहिला, तर भूखंडावर यंत्र चालेल त्या दिवशीं त्याला कांहींच वाटणार नाहीं. तो दुसरा भूखंड शोधील. हा लोभ कांहीं तोडीत नाहीं, मारीत नाहीं. फक्त घेतो आणि निघून जातो.

पुनावळ्याच्या संदर्भांत हा प्रश्न काल्पनिक नाहीं. तेथील वनखात्याच्या जमिनीवर शहराचें कचरा-आगार करण्याची योजना होती. २०२३ सालीं रहिवाश्यांनीं तिला जोराचा विरोध केला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस ती रद्द झाल्याची घोषणा राज्यसरकारतर्फे झाली. विरोधाचीं कारणें अनेक होतीं. दुर्गंधीची भीति होती, झाडांची काळजी होती. त्या वादाचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. कचरा कोठें तरी टाकावाच लागतो, आणि आपल्या दारीं नको म्हणणारानें तो कोणाच्या दारीं जावा हेंही सांगितलें पाहिजे. आमचा मुद्दा एवढाच, कीं कोणत्याही जमिनीच्या भवितव्याचा निर्णय होतांना 'रिकामी', 'पडीक', 'निरुपयोगी' हे शब्द अगदीं सहज उच्चारले जातात. ते उच्चारणारे दुष्ट नसतात. त्यांनीं ती जमीन दोन फुटांवरून पाहिलेली नसते, इतकेंच. ज्यानें दोन इंचांवरून पाहिली आहे त्याच्यापाशीं त्या शब्दांना उत्तर आहे. स्थळ, तारीख, झाडाचें नांव व जीवाचें नांव लिहिलेलें एक साधें छायाचित्र म्हणजे साक्ष आहे. साक्षीदारानें गप्प बसणें हा कायद्यानें गुन्हा असो वा नसो, नीतीच्या दृष्टीनें तो ऋण बुडविण्याचाच प्रकार आहे. ज्या जागेनें आपल्याला इतकें दाखविलें तिच्यावतीनें चार शब्द बोलणें, हें पाहणाराचें ऋण होय.

इतकें लिहिल्यावर कोणी असें समजूं नये, कीं या छंदापासून लोकांना परावृत्त करावें असा आमचा हेतु आहे. दोषाच्या भीतीनें डोळेच मिटून घेणें हें त्याहून वाईट. न पाहणाराच्या हातून फुलपांखराला इजा होत नाहीं खरी. परंतु फुलपांखरूं नाहींसें झालें तरी त्याला तें कळतही नाहीं. २०१५ सालीं महाराष्ट्रानें एका निळ्या-काळ्या फुलपांखराला राज्यफुलपांखराचा मान दिला. असा मान देणारें भारतांतील हें पहिलें राज्य. तो मान कागदावर राहूं नये असें वाटत असेल, तर फुलपांखरें पाहणारे लोक वाढले पाहिजेत, कमी होतां कामा नयेत. प्रश्न पाहावें कीं न पाहावें हा नसून, कोणत्या अटीवर पाहावें हा आहे.

ती अट यंत्राच्या आड येत नाहीं. हिवाळ्याच्या पहाटे कीटक आपोआप गारठून गवताच्या काडीला बिलगलेले असतात. ऊन तापेपर्यंत ते हलत नाहींत, आणि त्यांच्या अंगावर खरे दंव असतें. ज्याला स्थिर कीटक हवा त्यानें लवकर उठावें. किड्याला गारठविण्यापेक्षां आपण गारठावें, यांत न्यायही आहे. फूल खुडण्याऐवजीं वारा पडण्याची वाट पाहावी. पुष्कळ चित्रें जुळविणें शक्य नसेल तेथें एकच घ्यावें आणि त्यांतला अंधुक भाग अंधुक राहूं द्यावा. तो जिवंतपणाचा पुरावा समजावा. आणि एवढें करूनही किडा उडून गेला, तर त्याला जाऊं द्यावें. न मिळालेल्या चित्राची रुखरुख सोसण्याची तयारी नाहीं, त्याला हा छंद अजून साधला नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरीं मुलें आहेत, आणि आज ना उद्यां त्यांच्या हातीं असलें एखादें भिंग येईल. त्यांना भात्याचें गणित अवश्य शिकवावें. त्यांतून प्रकाशाचें व प्रमाणाचें ज्ञान होतें. पण त्याच्याबरोबर हेंही सांगावें, कीं भिंगाच्या पलीकडे जो आहे त्याला आपल्याप्रमाणेंच सकाळीं कांहीं काम असतें. तें काम न थांबवितां जेवढें दिसेल तेवढें आपलें, बाकीचें त्याचें.